टेरेन टाइल सर्व्हर: कॅमेरा हलला की टाइल्स अडतात, कुठे बघू?

उंचसखल

नमस्कार मंडळी,

थ्रीडी ग्लोबवर डोंगरदऱ्या दाखवायचा सर्व्हर आम्ही स्वतःच चालवतो. मूळ डेटा कोपर्निकसचा (युरोपचा उपग्रह-निरीक्षण कार्यक्रम) ३० मीटरवाला डीईएम म्हणजे उंचीचा डेटा आहे, तो ऑब्जेक्ट स्टोरेजवर क्लाउड ऑप्टिमाइज्ड जिओटिफ म्हणजे सीओजी स्वरूपात ठेवलाय. ब्राउझरने टाइल म्हणजे नकाशाचा एक चौकोन मागितला की सर्व्हर तेवढ्या चौकोनाची उंची वाचतो, त्याची त्रिकोणी मेश बनवतो, क्वांटाइज्ड मेश (सीझियम या थ्रीडी ग्लोब लायब्ररीचा टेरेन फॉरमॅट) मधे भरतो, जीझिप करतो आणि पाठवतो, सगळं जागच्या जागी, आधीपासून काहीच बनवून ठेवलेलं नाही.

माणूस एका जागी थांबून बघत असेल तर एकदम छान चालतं. पण कॅमेरा जोरात फिरवला किंवा लांबून एकदम झूम करत खाली आला की टाइल्स येतच नाहीत, डोंगर बराच वेळ मेणासारखे वितळलेले दिसतात आणि मग एकदम फटकन जागेवर येतात. सरासरी रिस्पॉन्स टाइम बघितला तर काही वावगं दिसत नाही, पण पी९९ (ज्याच्या आत ९९ टक्के रिक्वेस्ट संपतात तो वेळ) काही सेकंदांत जातो. कोअर वाढवले, रॅम वाढवली, ढिम्म फरक नाही, सीपीयू तर निम्मा रिकामाच असतो. जाणकारांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

कातळ

सीपीयू निम्मा रिकामा आणि तरी टाइल उशिरा म्हणजे सर्व्हर कशाची तरी वाट बघत बसतोय, मोजत काही नाहीये. त्यामुळे कोअर वाढवून उपयोग होणार नव्हताच.

आधी एका रिक्वेस्टचे तुकडे पाडा. रांगेत किती वेळ गेला, फाईल उघडायला किती, पिक्सेल वाचायला किती, मेश बनवायला किती, पॅक आणि जीझिपला किती, पाठवायला किती. प्रत्येक तुकड्याची वेळ लॉगमधे टाका आणि त्याच ओळीत झूम लेव्हल पण टाका, हे लेव्हलचं विसरू नका कारण टेरेनमधे लेव्हल ३ ची टाइल आणि लेव्हल १३ ची टाइल ही दोन वेगळीच कामं आहेत, त्यांची सरासरी काढून हाती काही लागत नाही.

आणि लोड टेस्ट करताना एकच यूआरएल हजार वेळा मारू नका, ती पहिल्यांदाच कॅशमधे जाते आणि पुढचे सगळे आकडे गोड येतात. खऱ्या लॉगमधल्या रिक्वेस्ट त्याच क्रमाने, त्याच वेळेच्या अंतराने परत सोडा. आधीचं उत्तर आलं की मगच पुढची रिक्वेस्ट सोडणारं टूल असेल तर सर्व्हर अडकला की टूल पण थांबतं आणि नेमका वाईट काळ मोजलाच जात नाही.

रांजण

माझं सरळ मत, लाइव्ह मेश बनवायचीच कशाला? सगळ्या टाइल्स एकदाच बनवून डिस्कवर टाका, वर एनजिनेक्स हा वेब सर्व्हर बसवा, विषय संपला. उंची काय रोज बदलत नाही.

पायथा

@रांजण, कल्पना बरोबर आहे पण आकडे मांडून बघा. क्वांटाइज्ड मेश सहसा अक्षांश-रेखांशाच्या ग्रिडवर असते, लेव्हल ० ला दोन टाइल्स आणि पुढे दर लेव्हलला चौपट. म्हणजे एकट्या लेव्हल १४ ला ५३,६८,७०,९१२ टाइल्स, ० पासून १४ पर्यंत मिळून ७१ कोटींच्या वर. यातला मोठा भाग समुद्र आहे हे मान्य, पण जमिनीच्या उरतात त्याही कोट्यवधीच. सुट्या फाईल्स करून ठेवल्या तर ४ केबीच्या ब्लॉकमधे दीड केबीची फाईल बसते, आयनोड (डिस्कवरच्या फाईल्सच्या नोंदी) संपतात, बॅकअप घ्यायला गेलं तर संपतच नाही.

आता दुसरी बाजू. ० ते १० लेव्हल मिळून फक्त २७,९६,२०२ टाइल्स होतात. अठ्ठावीस लाख म्हणजे काहीच नाही, एका एसक्यूलाइट फाईलमधे आरामात बसतात. म्हणून वरच्या लेव्हल बनवून ठेवायच्या आणि खालच्या मागणीनुसार बनवून जपून ठेवायच्या, हा मधला मार्ग मला योग्य वाटतो.

आणि लेव्हल किती खोल न्यायची तेही डेटा ठरवतो. ६५ बाय ६५ चा ग्रिड धरला तर लेव्हल १३ ला दोन सॅम्पलमधलं अंतर साधारण १.२४ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) येतं, लेव्हल १४ ला ०.६२. तुमचा डेटा १ आर्कसेकंदाचा आहे. म्हणजे १४ च्या पुढे तुम्ही जे काही बनवताय ते नुसतं इंटरपोलेशन आहे, नवीन माहिती शून्य. १५, १६ देत असाल तर आजच बंद करा. लेअर डॉट जेसनमधे (क्लायंटला टाइल्सची माहिती देणारी फाईल) 'अव्हेलेबल'ची यादी नीट दिली की क्लायंट त्या टाइल्स मागतच नाही, वरच्या टाइलवरून स्वतःच ताणून घेतो.

उंचसखल

@पायथा, १६ पर्यंत देतोय खरं, काढून टाकतो. @कातळ, मोजलं, थोडं धक्कादायक आहे. मेश बनवायला अगदी किरकोळ वेळ लागतोय. सगळा वेळ फाईल उघडणे आणि वाचणे यातच जातो. आणि लेव्हलप्रमाणे बघितलं तर सगळ्यात वाईट आकडे लेव्हल ३ ते ७ चे आहेत. मला वाटत होतं खोल लेव्हल जड असणार. असं का व्हावं?

कातळ

उलट तसंच व्हायला पाहिजे. कोपर्निकसच्या फाईल्स १ अंश बाय १ अंशाच्या आहेत. लेव्हल ५ ची टाइल ५.६२५ अंश रुंद, म्हणजे एका दिशेला सहा-सात फाईल्स, दोन्ही दिशांनी मिळून ३६ ते ४९ फाईल्स एका टाइलसाठी उघडायच्या. प्रत्येक उघडण्यात ऑब्जेक्ट स्टोरेजपर्यंत किमान एक फेरी, हेडरसाठी, मग ओव्हरव्ह्यूचा म्हणजे लहान केलेल्या प्रतीचा ब्लॉक आणायला अजून एक. लेव्हल ३ ला तर टाइल २२.५ अंशांची होते, तिथे फाईल्स शेकड्यात जातात. आणि एवढं करून हातात काय येतं तर ६५ बाय ६५ आकडे.

लांबून झूम करत खाली येणारा माणूस नेमका याच लेव्हलमधून जातो, म्हणून तुम्हाला तिथेच अडकल्यासारखं दिसतं. पायथा म्हणतात तसं ० ते १० बनवून ठेवलं की हा अख्खा प्रकार संपतो. बनवताना पण दर लेव्हलला मूळ फाईल्सकडे जाऊ नका, आधी सगळ्या जगाचा कमी रिझोल्यूशनचा एक रास्टर (उंचीच्या आकड्यांचा ग्रिड) करा आणि वरच्या लेव्हल त्यावरून काढा.

निवांत

जीडॅल (रास्टर फाईल्स वाचायची लायब्ररी) वापरताय ना? मग हे बघून घ्या, मी यावर बरंच डोकं घातलंय.

एक, रिमोट फाईल उघडताना जीडॅल शेजारी अजून कुठल्या फाईल्स आहेत का म्हणून फोल्डरची यादी मागतं. फोल्डरमधे हजारो फाईल्स असतील तर नुसत्या यादीतच वेळ जातो. 'डिसेबल रीडडिर ऑन ओपन' ला 'एम्प्टी डिर' द्या, ही यादी मागणं बंद होतं.

दोन, डेटासेट दर रिक्वेस्टला उघडबंद करताय का? माझा अंदाज आहे की करताय, कारण एकच हँडल अनेक थ्रेडनी एकाच वेळी वापरलेलं जीडॅलला चालत नाही आणि सगळेजण मग सोपा मार्ग म्हणून दर वेळी नवीन उघडतात. त्यापेक्षा दर थ्रेडला उघड्या हँडलचा छोटा साठा ठेवा, बऱ्याच वेळात न वापरलेलं हँडल बाहेर काढायचं. ३.१० पासून फक्त वाचण्यापुरतं थ्रेड-सेफ हँडल पण मिळतं, नवीन आवृत्तीवर असाल तर ते वापरा, काम खूप सोपं होतं.

तीन, हजारो फाईल्सची एक व्हीआरटी (सगळ्यांना जोडणारी एक्सएमएल फाईल) बनवली असेल तर ती एक्सएमएल दर वेळी वाचण्यातच दम जातो. ३.९ मधे आलेला जीटीआय ड्रायव्हर बघा, तो टाइल इंडेक्समधून फक्त लागणाऱ्या फाईल्स शोधतो.

चार, ब्लॉक कॅश. डिफॉल्टला जीडॅल रॅमच्या ५ टक्के घेतं. कंटेनरमधे चालवताय तर ही मर्यादा स्वतः आकडा देऊन बांधा, कुठल्या रॅमचे ५ टक्के धरले जातायत यावर विसंबू नका.

अवांतर: कोपर्निकसमधे ५० अंश अक्षांशाच्या वर गेलं की रेखांशाच्या दिशेने सॅम्पल विरळ होत जातात, म्हणजे सगळ्या फाईल्सची रुंदी पिक्सेलमधे सारखी नाही. व्हीआरटी बनवताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सीमेवरच्या टाइल्स उगाच जास्त रीसॅम्पल होतात.

उंचसखल

@निवांत, हो, दर रिक्वेस्टला नवीन उघडतोय, आणि व्हीआरटी पण आहे. दोन्ही बदलायला घेतो. अजून एक प्रश्न, खोल लेव्हलवर शेजारशेजारच्या टाइल्स एकदम मागितल्या जातात, तिथे पण स्टोरेजकडे खूप फेऱ्या होतायत.

पायथा

कारण तुम्ही तोच ब्लॉक परत परत आणताय आणि परत परत सोडवताय.

लेव्हल १३ ची टाइल साधारण ७९ आर्कसेकंद रुंद असते, म्हणजे तुमच्या डेटात ७९ पिक्सेल. सीओजीचा ब्लॉक ५१२ पिक्सेलचा धरा, जीडॅलचा डिफॉल्ट तोच आहे. म्हणजे एका ब्लॉकमधे सहा बाय सहाच्या वर टाइल्स बसतात, साधारण चाळीस. आता दर टाइलला स्वतंत्र काम म्हणून बघितलं तर तोच ब्लॉक चाळीस वेळा नेटवर्कवरून यायचा आणि चाळीस वेळा अनकॉम्प्रेस व्हायचा. ब्लॉक कॅश थोडं वाचवते पण चार वर्कर प्रोसेस असतील तर चौघांच्या कॅश वेगळ्या, एकाने आणलेला ब्लॉक दुसऱ्याला दिसत नाही.

उपाय जुनाच आहे, मेटाटाइल. रास्टर नकाशांच्या जगात मॉड-टाइल कित्येक वर्षं ८ बाय ८ च्या गठ्ठ्याने रेंडर करतं, तेच इथे करा. एक टाइल मागितली की तिच्यासकट ४ बाय ४ किंवा ८ बाय ८ चा तुकडा एकदाच वाचायचा, सगळ्यांच्या मेश बनवायच्या, सगळ्या साठवायच्या. मेश बनवणं स्वस्त आहे हे तुम्ही मोजलंच आहे. शेजारची रिक्वेस्ट काही मिलिसेकंदांत येणारच असते, तेव्हा ती तयार सापडते.

यात एक काळजी घ्या. त्याच मेटाटाइलसाठी एकदम दहा रिक्वेस्ट आल्या तर दहाही जणांनी तेच काम सुरू करता कामा नये. पहिल्याने काम करायचं, बाकीच्यांनी त्याच निकालाची वाट बघायची. एनजिनेक्समधे 'प्रॉक्सी कॅश लॉक' आहे पण ते एका यूआरएलपुरतं, मेटाटाइलचं कुलूप तुमच्याच कोडमधे लागेल.

रांजण

+१, मेटाटाइल नक्की करा. शिवाय रांगेचा क्रम बघा. कॅमेरा पुढे निघून गेला की ब्राउझर आधीच्या रिक्वेस्ट रद्द करतो, पण सर्व्हरला ते कळतं का? एनजिनेक्सच्या लॉगमधे ४९९ किती दिसतात ते मोजा. ४९९ म्हणजे क्लायंट निघून गेला. तेवढं काम तुमचा सर्व्हर कुणाहीसाठी करत नव्हता.

उंचसखल

मोजलं. कॅमेरा फिरवताना ४९९ च जास्त आहेत, पूर्ण झालेल्या कमी.

रांजण

मग हेच तुमचं मोठं दुखणं आहे. रिक्वेस्ट रद्द झाल्याची खबर अगदी वाचण्याच्या पायरीपर्यंत पोचली पाहिजे. दोन टप्प्यांच्या मधे तपासा, कुणी वाट बघतंय का? नसेल तर तिथेच सोडून द्या. मेटाटाइल असेल तर दुसरा कुणी थांबलाय का ते बघून मगच सोडा, आणि निम्म्याहून जास्त काम झालं असेल तर पूर्ण करून कॅशमधे टाका, वाया जात नाही.

दुसरं, रांगेत जो आधी आला तो आधी हा नियम टेरेनला जमत नाही. गर्दी झाली की सगळ्यात जुनी रिक्वेस्ट ही बहुतेक वेळा कॅमेऱ्याने मागे टाकलेली जागा असते. शेवटी आलेली आधी घ्या आणि रांगेला मर्यादा घाला. मर्यादा भरली तर लगेच ५०३ द्या. ४०४ मात्र चुकूनही देऊ नका, ४०४ म्हणजे इथे टाइलच नाही असा अर्थ क्लायंट घेतो, आणि मधल्या सीडीएनने (टाइल्स साठवून युजरच्या जवळून देणारं सर्व्हरचं जाळं) ते ४०४ साठवून ठेवलं तर त्या डोंगराला भोक पडल्यासारखं सगळ्यांनाच दिसत राहतं.

अक्षांश

धागा उत्तम चाललाय, वाचनखूण साठवली. एक शंका, मेशच्या ऐवजी टेरेन आरजीबी पीएनजी का नाही वापरत? सर्व्हरला मेश बनवायचं कामच नाही.

निवांत

@अक्षांश, समोर कोण आहे त्यावर आहे. क्लायंट मॅपलिब्रे असेल तर तेच करा, तो उंचीचं चित्र घेऊन मेश स्वतः बनवतो. सीझियमवाला ग्लोब असेल तर क्वांटाइज्ड मेशच सोयीची. आरजीबीमधे उंची रंगात लपलेली असते, लालचे ६५,५३६ पट अधिक हिरव्याचे २५६ पट अधिक निळा, त्याला ०.१ ने गुणायचं आणि १०,००० वजा करायचे. त्यामुळे जेपेग अजिबात नाही, लहान-मोठं करायचं ते आधी उंचीवर करायचं आणि मगच रंगात भरायचं. रंगांची सरासरी काढली की मधेच कुठेतरी हजारो मीटरचे सुळके उभे राहतात.

पण यांच्या केसमधे मेश बनवणं महाग नाहीच्चे, त्यामुळे फॉरमॅट बदलून फार काही सुटेल असं वाटत नाही.

कातळ

मेश महाग नसली तरी जड असू शकते, ते बघा. किती त्रिकोण पाठवताय? सीझियम ६५ चा ग्रिड धरून लेव्हल ० ला अंदाजे ७७,०६७ मीटर चूक गृहीत धरतो आणि दर लेव्हलला ती निम्मी करतो. म्हणजे लेव्हल १३ ला सुमारे ९.४ मीटर. तुम्ही तिथे अर्ध्या मीटरच्या अचूकतेची मेश देत असाल तर ते त्रिकोण वाया जातात. मूळ डेटाचीच उभी अचूकता ९० टक्के विश्वासार्हतेला ४ मीटरच्या आत अशी सांगितलेली आहे. चूक किती चालेल याची मर्यादा लेव्हलप्रमाणे बदलती ठेवा. मार्टिनीसारखा मेश बनवायचा अल्गोरिदम असेल तर एकदा एरर मॅप काढला की वेगवेगळ्या मर्यादांच्या मेश झटपट निघतात, फक्त ग्रिड दोनच्या घातापेक्षा एकने जास्त लागतो, ६५, १२९, २५७ असा.

एक अपवाद आहे. वरच्या लेव्हलला समुद्र सपाट म्हणून दोन त्रिकोणांत गुंडाळू नका, पृथ्वीची गोलाई जाते आणि टाइल पाण्याखाली बुडाल्यासारखी दिसते.

नॉर्मल्सचं (पृष्ठभाग कुठल्या दिशेला आहे ते सांगणारं) एक्स्टेन्शन लागतंय का तेही बघा, दर बिंदूला २ बाइट जातात आणि ते नीट दबत पण नाहीत. ऊन-सावली दाखवत नसाल तर काढून टाका. वॉटर मास्कचं तसं नाही, टाइल पूर्ण जमीन किंवा पूर्ण पाणी असेल तर एकच बाइट लागतो, पण काही एनकोडर सरसकट २५६ बाय २५६ चा अख्खा मास्क लिहितात, तुमचा काय करतो ते तपासा.

उंचसखल

नॉर्मल्स काढल्या, प्रकाशयोजना वापरतच नव्हतो. त्रिकोणांची मर्यादा पण लेव्हलप्रमाणे केली, टाइल्स बऱ्याच हलक्या झाल्या. ० ते १० बनवून एसक्यूलाइटमधे टाकल्या आहेत, लांबून खाली येताना आता अजिबात अडत नाही, हे बघून खरंच खूप बरं वाटलं.

पण एक विचित्र गोष्ट दिसतेय. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधे दर टाइलच्या आधी एक ऑप्शन्स रिक्वेस्ट जाते. सर्व्हरवर ती पटकन संपते, पण लांबच्या युजरला दर टाइलला एक फेरी जास्त पडतेय.

निवांत

टोकन ऑथरायझेशन हेडरमधे पाठवताय आणि टाइल सर्व्हरचं डोमेन वेगळं आहे, बरोबर? त्यामुळे ब्राउझर आधी सर्व्हरची परवानगी विचारतो, तीच ही ऑप्शन्स रिक्वेस्ट म्हणजे प्रीफ्लाइट. 'अॅक्सेस कंट्रोल मॅक्स एज' वाढवून सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण प्रीफ्लाइटची आठवण यूआरएलप्रमाणे ठेवली जाते आणि तुमच्या प्रत्येक टाइलची यूआरएल वेगळी आहे, त्यामुळे पहिल्या भेटीत फायदा शून्य. शिवाय क्रोम ती आठवण २ तासांच्या वर ठेवतच नाही, फायरफॉक्स २४ तास.

म्हणून हेडरच काढा. टाइल्स पानाच्याच डोमेनखाली एखाद्या पाथवर द्या आणि कुकी वापरा, हे सगळ्यात स्वच्छ. टोकन क्वेरीमधे टाकलं तरी प्रीफ्लाइट टळते, पण मग सीडीएनच्या कॅश कीमधून ते टोकन वगळा, नाहीतर दर युजरची कॅश वेगळी होते आणि सीडीएन असून नसल्यासारखा. टोकन तपासणी मात्र सीडीएनच्या टोकावरच झाली पाहिजे, ती सोडू नका.

एचटीटीपी २ चालू आहे ना तेही बघा. १.१ वर ब्राउझर एका होस्टला सहाच कनेक्शन उघडतो, कॅमेरा फिरताना तीसचाळीस टाइल्स लागतात, त्या ब्राउझरमधेच रांगेत उभ्या राहतात आणि तुमच्या सर्व्हरच्या लॉगमधे तो वेळ दिसत पण नाही.

पायथा

जीझिपचं राहिलं. बनवून ठेवलेल्या टाइल्स दाबूनच साठवा आणि तशाच पाठवा, 'कंटेंट एनकोडिंग जीझिप' हेडर लावून. हे हेडर राहिलं तर ब्राउझर दाबलेले बाइट तसेच मेश म्हणून वाचायला जातो आणि काहीच दिसत नाही. मधे एनजिनेक्स परत दाबत नाही ना ते पण बघा.

एसक्यूलाइट फक्त वाचायलाच आहे तर 'इम्यूटेबल' म्हणून उघडा, एम-मॅप (फाईल थेट मेमरीत जोडणं) चालू ठेवा, दर थ्रेडला एक कनेक्शन. त्याच्यावर स्वतःची वेगळी मेमरी कॅश रचत बसू नका, ऑपरेटिंग सिस्टिमची पेज कॅश ते काम उत्तम करते, फक्त तिच्यासाठी रॅम मोकळी सोडा.

उंचसखल

मेटाटाइल, रद्द करणं, शेवटची रिक्वेस्ट आधी, सेम डोमेन, सगळं लागू करून खऱ्या लॉगवर परत चालवलं. पी९९ सेकंदांवरून मिलिसेकंदांत आला. कोअर होते तेवढेच आहेत, उलट आता सीपीयू कामाला लागलेला दिसतो. स्टोरेजकडे जाणाऱ्या फेऱ्यांचा आलेख तर एकदम खाली बसला. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचा प्रश्न. काही भागात आम्ही यापेक्षा बारीक, लायडारचा (लेझरने मोजलेला) डेटा घालणार आहोत. डेटा बदलला की सीडीएन आणि ब्राउझरमधल्या जुन्या टाइल्सचं काय करायचं? शेजारच्या दोन टाइल्स वेगवेगळ्या आवृत्तीच्या आल्या तर कडा जुळणार नाहीत.

कातळ

पर्ज करत बसू नका, यूआरएलच्या पाथमधे आवृत्ती घाला आणि टाइलला वर्षभराचं मॅक्स एज आणि 'इम्यूटेबल' द्या. लेअर डॉट जेसन मात्र थोडा वेळच कॅश होऊ दे, कारण टाइल्सचा पाथ त्यातूनच मिळतो. ज्याने पान आधी उघडलंय तो जुन्याच आवृत्तीवर राहतो, नवीन येणारा पूर्ण नव्यावर, एकाच पानात मिश्रण होत नाही. जुनी आवृत्ती लगेच उडवू नका, उघड्या पानांना ती लागत असते.

लायडारचा भाग जिथे संपतो तिथे थोड्या पट्ट्यात दोन्ही उंची हळूहळू मिसळून घ्या, आणि दोन्ही डेटा एकाच उंचीच्या संदर्भात आहेत ना ते आधी तपासा. एक जिओइडवरून (सरासरी समुद्रपातळीचा आकार) आणि दुसरा एलिप्सॉइडवरून (पृथ्वीचा गणिती आकार) असेल तर सीमेवर सरळ दहावीस मीटरची भिंत उभी राहते, काही भागात त्याहून मोठी. नवीन आवृत्तीत पण बदललेल्या चौकोनांच्या आणि त्यांच्यावरच्या सगळ्या लेव्हलच्या टाइल्सच नव्याने बनवा, बाकीच्या जुन्या एसक्यूलाइटमधूनच द्या, सर्व्हरने आधी नवीन फाईलमधे बघायचं आणि तिथे नसेल तर जुनीत.

उंचसखल

दोन फाईल्सची कल्पना आवडली, तसंच करतो. जिओइडचं तपासून इथेच लिहितो.